फुलपाखरू ओळखायचंय? मग आधी रंगावर जाऊ नका

आमच्या गॅलरीत तेलाच्या जुन्या डब्यात कढीपत्ता लावलाय, फार मोठा नाही, कमरेएवढाच. गेल्या श्रावणात एका सकाळी चहा घेत बसलो होतो तर एक काळंभोर फुलपाखरू आलं, मागच्या पंखांवर मधोमध पांढरा ठिपका, त्याच्या कडेने लाल चंद्रकोरी आणि खाली दोन शेपट्या. मुलगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी फुलपाखरांचा तक्ता घेऊन बसली होती, ती लगेच ओरडली, "बाबा, कॉमन रोज!" तक्त्यातलं चित्र बघितलं तर खरंच हुबेहूब तेच. पण ते फुलपाखरू फुलांकडे गेलंच नाही, कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्याभोवती घुटमळत राहिलं, पानावर बसून पुढचे पाय टपटप आपटले, मग पोट वाकवून पानाला टेकवलं आणि उडून गेलं. पान उलटून बघितलं तर मोहरीएवढं पिवळसर गोल अंडं.

आणि इथेच सगळं गणित बिघडतं, कारण कॉमन रोज कढीपत्त्यावर अंडं घालत नाही.

ती अंडी घालते इसरमुळाच्या वेलीवर, म्हणजे ज्याला सापसंद पण म्हणतात त्या वेलीवर. तिच्या अळीला दुसरं काही चालतच नाही. कढीपत्ता, लिंबू, बेल ही सगळी एका कुळातली झाडं, आणि त्यांच्यावर येणारी फुलपाखरं वेगळी, त्यातलं नेहमीचं म्हणजे कॉमन मॉरमॉन. तर आमच्याकडे आलेली बाई कॉमन मॉरमॉनची मादी होती, कॉमन रोजचा वेष घेऊन फिरणारी. तक्ता चुकला नव्हता आणि मुलगी पण चुकली नव्हती, पण दोघांनी रंगावर विश्वास ठेवला. फुलपाखरांच्या बाबतीत रंग ही सगळ्यात शेवटी विचारात घ्यायची गोष्ट आहे, आणि आपण सगळे सुरुवात तिथूनच करतो. म्हणून हे जरा नीट सांगावंसं वाटलं.

आधी ही नक्कल कशासाठी ते बघू. इसरमुळाच्या वेलीत विषारी द्रव्यं असतात, कॉमन रोजची अळी ती खाते, स्वतःला काही होऊ देत नाही आणि विष अंगात साठवून ठेवते, ते पुढे फुलपाखरू झाल्यावरही राहतं. एखाद्या नवख्या पक्ष्याने ते तोंडात घेतलं की त्याला अशी अद्दल घडते की काळ्या पंखांवर लाल-पांढरं दिसलं तरी तो पुन्हा वाटेला जात नाही. म्हणून कॉमन रोज उडतं बघा कसं, एकदम निवांत, कुणाची भीती नसल्यासारखं. कॉमन मॉरमॉनची अळी कढीपत्ता खाऊन वाढते, तिच्यात हे विष नाही, पक्ष्यासाठी तो सरळ सरळ घास आहे. मग तिने कपडे उसने घेतले, आणि उडण्याची ढबसुद्धा. बिनविषारी प्राण्याने विषारी प्राण्याचं रूप घ्यायचं, या प्रकाराला बेट्सियन नक्कल म्हणतात, कारण हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलात अनेक वर्षं काढून १८६२ मध्ये ही कल्पना मांडली.

आता खरी मजा पुढे आहे. कॉमन मॉरमॉनचा नर एकाच प्रकारचा, काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी माळ. मादी मात्र तीन प्रकारची. एक साधारण नरासारखीच, तिला सायरस म्हणतात. दुसरी कॉमन रोजची नक्कल करणारी, ती स्टिकियस, म्हणजे आमच्या गॅलरीतली. आणि तिसरी रोम्युलस, ती क्रिमसन रोज नावाच्या दुसऱ्या विषारी फुलपाखराची नक्कल करते, ज्याच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर किरमिजी ठिपके असतात. हे तिन्ही प्रकार समोरासमोर ठेवले तर कुणीही शपथेवर सांगेल की या तीन वेगळ्या जाती आहेत, आणि सुरुवातीच्या शास्त्रज्ञांनी तसंच धरलं होतं, वेगवेगळी नावंसुद्धा दिली होती. ही सगळी एकाच जातीची मंडळी आहेत हे आल्फ्रेड वॉलेस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८६५ मध्ये नीट मांडलं. इंग्रजीतलं मॉरमॉन हे नाव पण त्यातूनच आलंय, अमेरिकेतल्या मॉरमॉन पंथात पूर्वी एका पुरुषाला अनेक बायका असायच्या म्हणून.

नावावरून आठवलं. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने १७५८ मध्ये कॉमन मॉरमॉनला नाव दिलं पॉलिटिस आणि क्रिमसन रोजला दिलं हेक्टर. ग्रीक कथांमध्ये हे दोघं ट्रॉयच्या प्रायम राजाचे मुलगे, सख्खे भाऊ. लिनियस कधी भारतात आला नाही, त्याच्यासमोर नुसते वाळवलेले नमुने होते, आणि बेट्सची नकलेची कल्पना यायला अजून शंभरावर वर्षं होती, तरी विषारी फुलपाखरू आणि त्याची नक्कल करणाऱ्या जातीला त्याच्या हातून भावांची नावं पडली. मला हे कितीही वेळा आठवलं तरी छान वाटतं.

मग प्रश्न येतो की एकाच आईच्या पोटी वेगवेगळ्या रूपाच्या मुली कशा. उत्तर २०१४ मध्ये मिळालं. बंगळुरूच्या एनसीबीएस या संस्थेतले कृष्णमेघ कुंटे आणि शिकागो विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं की हा सगळा खेळ मुख्यतः एका जीनचा आहे, त्याचं नाव डबलसेक्स. कीटकांमध्ये हा जीन मुळात शरीर नराचं घडणार की मादीचं हे ठरवायच्या कामाचा, इथे त्याने पंखांच्या नक्षीचंही काम अंगावर घेतलंय. या जीनची कुठली आवृत्ती आईबापाकडून मिळाली त्यावर मुलगी कशी दिसणार ते ठरतं. नराकडेही ती आवृत्ती असते, तो पुढच्या पिढीला देतो पण, फक्त त्याच्या स्वतःच्या पंखांवर ती उमटत नाही. म्हणजे तुमच्या कढीपत्त्यावर एकाच मादीची पाच अंडी असली तर त्यातून निघणाऱ्या बहिणी एकमेकींसारख्या दिसतीलच असं नाही.

आणि सगळ्याच माद्या नकली वेष का घेत नाहीत? कारण बाजारात खोट्या नोटा जास्त झाल्या की दुकानदार खऱ्या नोटाही उजेडात धरून बघायला लागतो. नकली फुलपाखरं फार वाढली तर पक्ष्यांच्या चोचीत वारंवार चवदार घास पडतो, आणि मग लाल-पांढऱ्या रंगाची दहशतच उरत नाही. त्यामुळे नक्कल तेव्हाच चालते जेव्हा नकली कमी आणि अस्सल जास्त.

बरं, मग ओळखायचं कसं? अंग बघा. पंख नाही, अंग. कॉमन रोजचं डोकं आणि पोटाच्या बाजू लालभडक असतात, क्रिमसन रोजचंही तसंच. मॉरमॉनच्या मादीने पंख कितीही हुबेहूब रंगवले तरी तिचं अंग काळंच राहतं, बाजूला फार तर पांढरे ठिपके. एवढी एक खूण लक्षात ठेवली की दहा पावलांवरून सांगता येतं. त्या दिवशी मुलीला हे सांगितल्यावर तिने दोन आठवडे दिसेल त्या काळ्या फुलपाखराच्या पोटाकडे बघितलं, सोसायटीच्या गेटपाशी थांबून सुद्धा.

रंग फसवतो याचं दुसरं उदाहरण तर कुठल्याही पडीक जागेत दिसेल. रुईच्या झुडपावर वाढणारं प्लेन टायगर सगळ्यांनी बघितलंय, नारिंगी, पंखांची टोकं काळी आणि त्यावर पांढरे ठिपके. रुईचा चीक विषारी, त्यामुळे तेही विषारी. त्याची नक्कल करते डॅनेड एगफ्लायची मादी. इथे अंग बघून उपयोग नाही, इथे मागचा पंख बघायचा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन काळे ठिपके असतात, नराला एक जास्त, आणि एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेला फक्त एक. आणि या एगफ्लायचा नर बघाल तर विश्वास बसणार नाही की हा तिचा नवरा, मखमली काळा, पंखांवर मोठे पांढरे गोल आणि त्या गोलांच्या कडेला जांभळी-निळी झळाळी जी एका कोनातून दिसते आणि दुसऱ्या कोनातून गायब होते. ती झळाळी रंगद्रव्याची नाही. फुलपाखराच्या पंखावर कौलांसारखे बारीक खवले असतात, हाताला जी पावडर लागते ते हेच, आणि त्या खवल्यांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तो निळा-जांभळा दिसतो. म्हणून फोटोत कधी येतो कधी येत नाही, आणि जुन्या झालेल्या, खवले झडलेल्या फुलपाखरात तर निम्मा रंगच गेलेला असतो.

ऋतूनेही रूप बदलतं, हे फार जणांना माहीत नसतं. संध्याकाळी घरात दिव्यावर येणारं एक तपकिरी फुलपाखरू असतं, कॉमन इव्हनिंग ब्राउन, लोक त्याला पतंगच समजतात. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळ्यांसारखे गोल असतात, म्हणजे पक्ष्याची चोच डोक्यावर न पडता पंखाच्या कडेवर पडते आणि जीव वाचतो. पाऊस संपून गवत वाळलं की पुढची पिढी येते ती सुकलेल्या पानासारखी, डोळे जवळजवळ पुसलेले, आणि पाचोळ्यात बसली की पाय पडेपर्यंत दिसत नाही. जात तीच, हवामान वेगळं.

तर मग बघायचं काय? माझी पद्धत सांगतो, ती काही शास्त्राची नाही पण उपयोगाची आहे. आधी नाव शोधूच नका, घराणं शोधा. भारतात फुलपाखरांच्या १,३०० च्या वर जाती आहेत, महाराष्ट्रात पावणेतीनशेच्या आसपास, आणि अख्ख्या ब्रिटनमध्ये जेमतेम ६०. एवढ्यांची नावं पाठ करायला गेलात तर कंटाळून सोडून द्याल. पण घराणी फक्त सहा. महाराष्ट्राच्या जैवविविधता मंडळाने त्यांना छान मराठी नावं दिलीत: पुच्छ, पितश्वेत, कुंचलपाद, नील, मुग्धपंखी आणि चपळ.

पुच्छ कुळातली मोठी, बऱ्याच जणांना शेपटी असते, आणि यांची सवय लक्षात ठेवा, फुलावर मध पितानाही यांचे पंख थरथरत राहतात, धड बसत नाहीत. मॉरमॉन, रोज, लिंबावरचं लाइम ही सगळी यातली. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, तेही याच कुळातलं, २०१५ मध्ये ते जाहीर झालं आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पितश्वेत म्हणजे नावाप्रमाणे पिवळी-पांढरी, टाकळ्यावर आणि बहाव्यावर घिरट्या घालणारी.

कुंचलपाद हे नाव मला सगळ्यात आवडतं. या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखडून ब्रशसारखे, म्हणजे कुंचल्यासारखे झालेले असतात, त्यामुळे ती चार पायांवर उभी दिसतात. कीटक म्हटलं की सहा पाय हे आपण शाळेत घोकलेलं, आणि इथे समोर चारच. फोटो मोठा करून पाय मोजा, चार दिसले तर एका फटक्यात बाकीची बरीच नावं बाद झाली. प्लेन टायगर, एगफ्लाय, इव्हनिंग ब्राउन, आंब्यावरचं बॅरन, सगळी चार पायांची.

नील कुळातली चिमुकली, नखाएवढी ते बोटाच्या पेराएवढी, गवतात खाली खाली उडणारी. यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मागच्या पंखाच्या टोकाला केसासारख्या बारीक शेपट्या आणि एक काळा ठिपका असतो, आणि बसल्यावर ती मागचे पंख एकमेकांवर हळूहळू घासत राहतात. नीट बघितलं तर ते खोटं डोकं आहे, शेपट्या म्हणजे मिशा आणि ठिपका म्हणजे डोळा, आणि घासण्यामुळे त्या मिशा हलतात. सरडा किंवा पक्षी त्या टोकाला तोंड घालतो आणि फुलपाखरू उलट दिशेने निसटतं. मागच्या पंखांचा तेवढाच तुकडा गेलेली आणि तरी मजेत उडणारी कितीतरी दिसतात.

मुग्धपंखी कुळातली आपल्याकडे अगदी थोडी, दाट सावलीत पानावर बसून गोल गोल फिरतात. आणि चपळ कुळ म्हणजे जाडसर अंगाची, डोकं मोठं, मिशांच्या टोकाला आकडा, आणि उडणं असं की दिसलं म्हणेपर्यंत गायब.

मिशांवरून एक सांगतो, फुलपाखरू की पतंग हा वाद घरोघरी होतो. फुलपाखराच्या मिशीचं टोक गदेसारखं किंवा काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखं फुगीर असतं, पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. रंगीत ते फुलपाखरू आणि मळकट तो पतंग असं काही नाही.

घराणं कळलं की मग खालची बाजू. हे मी अगदी आग्रहाने सांगेन, कारण लोक पंख उघडे असतानाचाच फोटो काढतात, तो सुंदर येतो म्हणून, आणि ओळखायला बहुतेक वेळा लागतो मिटलेल्या पंखांचा. गवतावरची पिवळी फुलपाखरं घ्या, ज्यांना ग्रास यलो म्हणतात. वरून सगळी सारखी पिवळी आणि कडा काळ्या. खालून बघितलं तर पुढच्या पंखाच्या एका ठराविक घरात, म्हणजे शिरांनी आखलेल्या चौकटीत, बारीक खुणा असतात, दोन असतील तर कॉमन ग्रास यलो, तीन असतील तर थ्री-स्पॉट. आणि ब्लू ओकलीफ तर वरून निळंशार, आणि पंख मिटले की मधली शीर, देठ, बुरशीचे डाग सगळं असलेलं वाळकं पान. आंबोलीच्या किंवा कुठल्याही घाटातल्या जंगलात कारवीच्या जवळपास ते तुमच्या समोर बसलेलं असतं आणि आपण पान समजून पुढे जातो.

आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे झाड. त्या सकाळी मादीने पानावर पाय आपटले ना, ते उगीच नव्हतं, तिच्या पायांना चव कळते. पानाच्या रसायनांवरून हे आपल्या पिलांचं झाड आहे की नाही याची ती खात्री करते, कारण चुकीच्या झाडावर अंडं घातलं तर अळी उपाशी मरणार. माणूस रंगाला फसेल पण ती झाडाच्या बाबतीत सहसा फसत नाही. म्हणून पानफुटीवर अंडी घालताना दिसलं तर रेड पिएरो, एरंडावर कॉमन कॅस्टर, खोट्या अशोकावर किंवा सीताफळावर टेल्ड जे, कण्हेरीवर कॉमन क्रो, असा अंदाज आधी बांधायचा आणि मग पंखांकडे बघायचं. ठाण्याच्या ओवळेकर वाडीसारख्या ठिकाणी एवढी फुलपाखरं एकत्र दिसतात ती नुसत्या फुलांमुळे नाही, अळ्यांना खायला लागणारी झाडं तिथे मुद्दाम लावलीत म्हणून. मध कुठल्याही फुलावर मिळतो, पिलांचं जेवण मात्र ठरलेल्याच झाडावर.

एक मात्र मान्य करायला हवं, काही फुलपाखरं फोटोवरून ठरवताच येत नाहीत. चपळ कुळातल्या काही तपकिरी जाती इतक्या सारख्या आहेत की तज्ज्ञांनाही शरीराची आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. तेव्हा घराण्यापर्यंत पोचलात आणि पुढे अडलात तर तेवढंच लिहून ठेवा, तारीख, जागा आणि झाड लिहा, आणि वरचा-खालचा असे दोन फोटो. ठोकून दिलेल्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी कामाची.

आमच्या त्या अंड्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. तीन-चार दिवसांत अळी निघाली, दिसायला पक्ष्याच्या विष्ठेसारखी, पांढरट-तपकिरी. आधी माझी आई अशी अळी दिसली की किड लागली म्हणून काढून टाकायची, किती फुलपाखरं आम्ही अशी घालवली असतील कोण जाणे. यावेळी ठेवली. कात टाकत टाकत ती एक दिवस हिरवीगार झाली, बोट लावलं की डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढायची आणि त्याला उग्र वास. मग एका काडीवर कमरेला रेशमाचा पट्टा बांधून तिने कोष केला, पानाच्याच रंगाचा. बारा दिवस मुलगी रोज शाळेत जाताना बघायची. तेराव्या दिवशी सकाळी कोषाची साल पारदर्शक दिसायला लागली आणि आत काळे पंख घडी घातलेले, दूध तापेपर्यंत ते बाहेर येऊन काडीला लटकलं, पंख अजून ओले आणि चुरगळलेले. हळूहळू पसरले. पांढरा ठिपका नव्हता, पांढऱ्या ठिपक्यांची माळ होती, आणि मागच्या पंखाच्या खालच्या कोपऱ्यात ठळक लाल कोरी. मुलगी म्हणाली, "नर." मी म्हटलं, लाल बघ किती आहे, सायरस मादी असणार. आम्ही दोघं वाद घालत असताना आई मागून आली, म्हणाली, "तिची आई निराळीच दिसत होती की गं," आणि तेवढ्यात ते उडून समोरच्या इमारतीच्या पलीकडे गेलं.